आयत्या वेळचा विषय : दूध

विषय क्र. १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

मागचं इतिवृत्त एवढंच, की शत्रुघ्न वालावलकरांच्या पोटात दूध राहीनासं झालं.

यापुढचा तपशील इतिवृत्तात येत नाही. 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहून पुढे जायचं असतं. वालावलकर वसईच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठे थांबायचं आणि कुठून पुढे जायचं हे त्यांना कळतं. माणिकपूरच्या डॉ. क्लेमेंटना मात्र ते कळत नाही. त्यांनी तपशील विचारला, तोही मोठ्या आवाजात, दवाखान्याचं दार उघडं असताना आणि बाहेरच्या बाकावर नवचैतन्य सोसायटीतली दोन माणसं खोकत बसलेली असताना.

"दूध बंद," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

"तुम्ही आहात तोवर."

"चहातलं चालेल ना? ते उकळलेलं असतं."

"वालावलकर, उकळलं म्हणून दूध निर्दोष सुटत नाही. विश्वास नसेल तर एक कप पिऊन बघा. तुमचं पोट अर्ध्या तासात निकाल देतं. आपल्याकडे इतक्या लवकर निकाल दुसरीकडे कुठेच लागत नाही."

वालावलकरांनी विश्वास ठेवला नाही. एक कप पिऊन बघितला. निकाल बाविसाव्या मिनिटाला लागला.

सविस्तर चर्चा झाली.

विषय क्र. २ : सचिवांचा चहा, त्याचे महत्त्व आणि त्यावर आलेले संकट

आता कोणी म्हणेल, मग कोरा चहा प्यावा. मनोरमाबाई तेच म्हणाल्या. पंचेचाळीस पावसाळे पाहिलेली बाई, त्यातले सव्वीस वालावलकरांबरोबर. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा चहा पुढे ठेवला. वालावलकर त्यात बराच वेळ बघत राहिले. कोऱ्या चहाचा दोष असा की त्यात आपलं तोंड दिसतं, आणि सकाळी सहाला ते बघायची त्यांना सवय नव्हती.

"आमच्याकडे हा कोणी गेल्यावर पितात," ते म्हणाले.

"तुमच्याकडे कोणी गेल्यावर काय काय पितात ते मला माहीत आहे," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि हा विषय तिथेच निकालात निघाला.

पण खरा प्रश्न घरातल्या चहाचा नव्हता. साल दोन हजार एक. नवचैतन्य सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, माणिकपूर. चोवीस फ्लॅट, खाली दोन दुकानं. इतर सोसायट्यांत वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही. अर्धा तास वाट बघून सभा तहकूब करतात आणि मग तीच चार माणसं तीच सभा पुन्हा भरवतात. नवचैतन्यमध्ये माणसं दहा मिनिटं आधी येऊन बसायची. कारण सभेला वालावलकर स्वतःच्या हाताने चहा करायचे. आलं ठेचून, वेलची सालासकट, गवती चहा अध्यक्षांच्या कुंडीतला. तो पिऊन माणसं इतकी मवाळ व्हायची की सचिवाची निवडणूक अकरा वर्षं बिनविरोध झाली होती.

या चहाचा एक नियम होता. स्वतः चाखल्याशिवाय चहा लोकांपुढे जायचा नाही, जशी वाचल्याशिवाय फाईल पुढे जात नाही. आणि चाखणं म्हणजे चमचा नव्हे. पूर्ण कप. चमचाभर वाचून फाईलीवर सही करणारी माणसं कचेरीत होती, त्यांचं पुढे काय झालं हे वालावलकर तुम्हाला कधीही सांगतील. विचारू नका.

तर, दुधाचा चहा करायचा तर चाखायचा, चाखायचा तर प्यायचा, आणि प्यायचा तर बाविसावं मिनिट.

दवाखान्याबाहेर खोकणाऱ्या दोघांनी आपलं काम चोख केलं होतं. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली जितेश चुरीने वालावलकरांना गाठलं. हा दुकान क्रमांक एकमध्ये दुधाची डेअरी चालवायचा आणि फ्लॅट क्रमांक तीनमध्ये राहायचा. सगळी सोसायटी त्याच्याकडून दूध घ्यायची. फक्त वालावलकर स्टेशनजवळच्या केंद्रावरून पिशव्या आणत, कारण जितेशचा फ्रिज दुकानाबाहेर सामायिक वाटेत आठ इंच आला होता. त्याबद्दल सात वर्षांत नऊ नोटिसा गेल्या होत्या. फ्रिज जागचा हलला नव्हता.

"काका, ऐकलं ते खरं? दूध बंद?" जितेश हसत म्हणाला. "मग यंदा एजीएमला काय देताय? काढा?"

वालावलकरांना राग आला की ते शुद्ध बोलायला लागतात. "जितेश, चहा दुधाने होत नसतो. हाताने होत असतो."

"असं? मग बिनदुधाचा करून दाखवा ना. सगळ्यांना पाजा. कोणाला कळलं नाही तर त्याच दिवशी फ्रिज आत घेतो."

"आणि कळलं तर?"

"तर काका, तुम्ही आराम करा. सचिवाच्या जागेला मी नाव देतो."

आजूबाजूला पाच-सहा माणसं होती. अशा वेळी शहाणा माणूस 'बघू' म्हणतो. वालावलकर म्हणाले, "मंजूर."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून सोसायटीचा शिक्का काढला आणि उगाच फुंकर मारून परत ठेवला. अठ्ठावीस वर्षं माणसाने सह्या केल्या, आणि एका शुक्रवारी शाल-नारळ देऊन सांगितलं, आता बस. त्यानंतर जगात त्यांच्या सहीची वाट बघणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे या शिक्क्याची डावी बाजू. ती जितेशला द्यायची?

"एका फ्रिजसाठी!" मनोरमाबाई म्हणाल्या.

"आठ इंच," वालावलकर म्हणाले.

सभेला तीन आठवडे होते.

विषय क्र. ३ : आलेल्या सूचनांवर विचार करणे

*सूचक : सौ. प्रिस्का तुस्कानो, फ्लॅट क्र. ९.* प्रिस्काबाई म्हणजे अध्यक्ष स्टॅनी सरांच्या पत्नी. त्यांच्या गास गावातल्या वाडीत नारळ उदंड. "मनोरमाताई, नारळाचं दूध घ्या. आम्ही नाताळात सगळं गोड त्यातच करतो. पण एक सांगते, गॅस बंद करून मग घालायचं. उकळायचं नाही."

वालावलकरांनी उकळलं. उकळल्याशिवाय चहा होतो हे त्यांना मान्य नव्हतं, आणि ज्या बाईने आयुष्यात नारळाखेरीज दुसरं काही खवलं नाही तिच्याकडून चहाचा कायदा शिकायची त्यांची तयारी नव्हती. दूध फाटलं. वर तेलाचा तवंग आला. वालावलकरांनी तो चहा तरीही प्यायला, आणि दिवसभर त्यांच्या मिशा लग्नाला निघाल्यासारख्या चमकत होत्या.

"कसा झालाय?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"मासे राहिलेत घालायचे."

"दोन आमसुलं टाकू का? निदान सोलकढी तरी होईल."

*सूचक : कृष्णा गावडे, फ्लॅट क्र. १४, खजिनदार.* गावडे पेपरातली आरोग्याची पानं कापून वहीत चिकटवतात. वही चौथी चालू आहे. तब्येत आहे तशीच आहे. ते वही घेऊनच आले. "सोयाबीन! वालावलकर, चीनमध्ये गाय कोण विचारत नाही. रात्री भिजवा, पहाटे वाटा, गाळा, उकळा. पहाटेच वाटा हां. उजाडल्यावर त्याचे गुण जातात असं इथे लिहिलंय." प्रत्यक्षात तिथे तसं लिहिलं नव्हतं. ते पुढच्या कात्रणात होतं आणि कोरफडीबद्दल होतं.

सोयाबीनच्या दुधाला ओल्या गोणपाटाचा वास येतो. ज्यांना हे माहीत नसेल त्यांनी माहीत करून घेऊ नये.

*सूचक : स्वतः वालावलकर.* शेंगदाणे. चहा उपासाच्या आमटीसारखा लागला. मनोरमाबाई म्हणाल्या, "चतुर्थीला चालेल."

*सूचक : कोणी नाही, घरात होती म्हणून.* तांदळाची पेज. कप बशीला चिकटला. तो सोडवताना बशी फुटली, आणि कप आजतागायत अर्ध्या बशीसकट फळीवर आहे.

*सूचक : मालवणचे साडूभाऊ, पत्राद्वारे.* काजू. काजूचं दूध उत्तम झालं असतं असं वालावलकरांचं प्रामाणिक मत आहे. भिजवण्यापूर्वी ते चाखून बघितले, आणि त्यांच्या चाखण्याचा नियम आपण वर पाहिलाच आहे.

एक पावडरही आणली. दुकानदार म्हणाला, यात दूधच नाही, विलायती माल आहे. कचेरीत ज्याने अठ्ठावीस वर्षं सात-बाराच्या मागची बाजू वाचली त्याला पुढची बाजू दाखवून भागत नाही. वालावलकरांनी भिंग लावून डब्याच्या बुडाजवळची मुंगीएवढी ओळ वाचली. त्यात दुधाचाच कसलातरी अंश निघाला. डबा परत करताना ते दुकानदाराला म्हणाले, "शर्तभंग आहे हा." दुकानदाराने घाबरून पैशांसोबत लिमलेटच्या गोळ्याही दिल्या.

विषय क्र. ४ : सचिवांस नोटीस देणे

सोयाबीनचं प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. रोज पहाटे पाचला दुसऱ्या मजल्यावर मिक्सर घरघरू लागला, तेव्हा जितेशने रीतसर लेखी अर्ज दिला. 'फ्लॅट क्र. ८ मध्ये पिठाची गिरणी अथवा तत्सम व्यवसाय चालू असून दुर्गंधी पसरते. कारवाई व्हावी.'

अर्ज सचिवांच्या नावे होता. फ्लॅट क्रमांक आठही सचिवांचाच होता.

दुसरा कोणी असता तर त्याने अर्ज केरात टाकला असता. वालावलकरांनी तो आवक वहीत चढवला. मग कार्बन लावून नोटीस लिहिली :

> श्री. शत्रुघ्न वालावलकर, फ्लॅट क्र. ८, यांस —
> आपण निवासी जागेत वाटणाचा व्यवसाय करीत असल्याची तक्रार आली आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.
> — सचिव

नोटीस हातोहात द्यायची असते. म्हणून ते उठले, बाहेर जाऊन स्वतःच्या दाराची बेल वाजवली. मनोरमाबाईंनी दार उघडलं.

"वालावलकर आहेत का?" त्यांनी विचारलं.

मनोरमाबाईंनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "नाहीत," त्या म्हणाल्या. "दूध सुटलं तेव्हाच गेले."

शेवटी नोटीस स्वतःच घेऊन त्यांनी कार्बन प्रतीवर 'मिळाली' लिहून सही केली. खुलासा दिला, की सदर वाटण घरगुती चहासाठी आहे. सचिवांना तो खुलासा असमाधानकारक वाटला. 'भाषा उद्धट आहे,' असा शेरा त्यांनी मारला आणि मिक्सर सकाळी आठनंतर लावण्याची स्वतःला समज दिली. वालावलकर दोन दिवस सचिवांवर रुसून होते.

विषय क्र. ५

वीज गेल्यामुळे तहकूब.

विषय क्र. ६ : मिश्रण क्रमांक सतरा

एकेकटा पदार्थ नालायक निघाला तर समिती नेमायची, हा सरकारी शहाणपणा वालावलकरांना उशिरा सुचला. शेंगदाण्याचा दाटपणा, नारळाचा गोडवा, पेजेचा रंग. सभेच्या आदल्या शुक्रवारी, सतराव्या मिश्रणाला, कपात खरोखर चहासारखं काहीतरी दिसलं. त्यांनी घोट घेतला. मनोरमाबाईंनी घेतला.

"काय?" त्यांनी विचारलं.

"चहा आहे," मनोरमाबाई आश्चर्याने म्हणाल्या. मग सवयीने पुढे म्हणाल्या, "आलं कमी आहे."

वालावलकर खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे पुसले. वाफेमुळे, असं ते म्हणतात.

विषय क्र. ७ : सभेची तयारी

एका कपात जे होतं ते चाळीस कपांत होतंच असं नाही. गाव चालवणारा माणूस जिल्हा चालवेल असं आपण म्हणतो का?

रविवारी सकाळी साडेनऊला मोठं पातेलं गॅसवर ठेवून, चहापत्ती आणि आलं मोजून वाटीत काढून ठेवून, वालावलकर खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायला गेले. "ढवळत राहा," एवढंच सांगून गेले. मनोरमाबाई ढवळत राहिल्या. पावणेदहाला पातेल्याच्या मध्यभागी एक बेट दिसू लागलं. मग दोन. मग तेल एकीकडे, पाणी एकीकडे, आणि शेंगदाण्याचा चोथा तळाशी जाऊन बसला.

मनोरमाबाईंनी गॅस बंद केला. खिडकीतून खाली बघितलं. नवरा टेबलावर चादर पसरत होता, तिच्या सुरकुत्या तळहाताने काढत होता, आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर शिक्का ठेवत होता. ठेवला, दोन पावलं मागे जाऊन बघितला, आणि परत थोडा सरकवला.

त्यांनी ते पातेलं मोरीत उपडं केलं.

स्टेशनजवळचं दूध केंद्र नऊला बंद होतं. त्या मागच्या जिन्याने उतरल्या आणि रस्त्याकडून दुकान क्रमांक एकमध्ये गेल्या. जितेश सभेत पहिल्या रांगेत जाऊन बसला होता. गल्ल्यावर त्याची बायको विनिता होती.

"चार लिटर दे, विनिता. आणि बोलू नकोस कोणाला."

विनिताने दूध मोजून दिलं आणि त्यांच्याकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, काकांना यातलं देऊ नका हां. त्रास होईल."

मनोरमाबाईंना जितेशचं दूध फारसं आवडत नसे. त्याला साय धरत नाही, अशी बिल्डिंगमधल्या बायकांची जुनी कुरकुर होती. जितेश त्यावर सांगायचा की साय म्हणजे दुधातला मळ, तो वर येतो. आपलं दूध स्वच्छ. पण आता वेळ कुठे होता? त्यांनी नवऱ्याने मोजून ठेवलेली पत्ती घातली, आलं घातलं, वरून आपल्या मनाने थोडं अधिक घातलं, आणि चहा खाली पाठवला. नवऱ्याला वाटेत थांबवून सांगायचं होतं. पण त्या खाली पोचल्या तेव्हा वालावलकरांनी नियमाप्रमाणे पहिला कप चाखूनही टाकला होता. पूर्ण.

त्यांचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर बढतीचा हुकूम वाचल्यासारखा आनंद होता.

विषय क्र. ८ : गच्चीची गळती

पुढच्या सभेत घेणे.

विषय क्र. ९ : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय

चहा वाटला गेला. चाळीस माणसांनी पहिला घोट घेतला. मग कोणीतरी "वा!" म्हणालं. गावडेंनी दुसरा कप मागितला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

वालावलकर उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, सभासदहो, आपण आत्ता जो चहा प्यायलात त्यात दुधाचा थेंबही नाही."

टाळ्यांची अपेक्षा होती. कोणी टाळी वाजवली नाही. लोकांनी कपात बघितलं, मग एकमेकांकडे.

"काहीतरीच काय, वालावलकर," प्रिस्काबाई म्हणाल्या. "हा दुधाचाच आहे."

"दुधाचाच!" जितेश ताडकन उठला. "आणि कोणाच्या? माझ्या! काका, मी पंधरा वर्षं धंद्यात आहे. आपलं दूध मी अंधारातसुद्धा ओळखतो. तो रंग बघा, ती चव बघा. आपल्या दुधाची चव दुसरीकडे मिळतच नाही. चीटिंग आहे ही! राजीनामा द्या!"

यशाचं असं संकट जगात फार थोड्यांवर येतं. चहा वाईट झाला असता तर वालावलकर हरले असते, आणि चांगला झाला म्हणून ते खोटे ठरत होते. त्यांचा आवाज चढला, भाषा शुद्ध झाली. "मी असत्य बोलत नाही!"

"पुरावा?"

अध्यक्ष स्टॅनी सर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "पुरावा आहे. वालावलकरांचं पोट. डॉक्टर क्लेमेंट म्हणाले होते ना, अर्ध्या तासात निकाल? बाहेर बाकावर मी होतो त्या दिवशी. आता सगळ्यांदेखत यांनी आणखी दोन कप प्यावेत आणि इथेच बसावं. पाऊण तास. उठले तर दूध. नाही उठले तर नाही."

सूचक : स्टॅनी तुस्कानो. अनुमोदक : जितेश चुरी. ठराव एकमताने मंजूर. गेल्या अकरा वर्षांत या सोसायटीत इतक्या पटकन काहीही मंजूर झालं नव्हतं.

वालावलकरांनी दोन कप एकापाठोपाठ एक प्यायले, रिकामा कप उलटा करून दाखवला आणि हाताची घडी घालून बसले. अकरा वाजून दहा मिनिटं. चाळीस माणसं खुर्च्या थोड्या पुढे ओढून त्यांच्या पोटाकडे बघू लागली. मागच्या रांगेतले उभे राहिले.

सातव्या मिनिटाला मनोरमाबाई रांगेच्या कडेने त्यांच्यापर्यंत पोचल्या. पदर सारखा करण्याच्या निमित्ताने वाकल्या.

"अहो," त्या कानात म्हणाल्या, "तुमचं फाटलं. मी जितेशचं घातलंय."

"काय?"

"दूध. चार लिटर. दाराला कडी नाहीये, वरची वाट मोकळी केलीय. दोन जिने आहेत, आत्ता निघालात तर…"

वालावलकर हलले नाहीत. त्यांचा चेहरा फक्त तांदळाच्या पेजेसारखा झाला.

"बघा, घाम आला!" जितेश ओरडला.

"घाम हा पुरावा नाही," स्टॅनी सर म्हणाले.

पंधरावं मिनिट. पोटात काहीतरी बोललं. की खुर्ची वाजली? वालावलकरांनी शिक्क्याकडे बघितलं. उठून गेलो तर तो गेला. नाही गेलो तर अब्रू गेली, चादरीसकट. त्यांनी मनात हिशेब केला : पार्किंग ते दुसरा मजला, अडतीस पायऱ्या. धोतर नेसायचे दिवस असते तर निदान काही आशा होती.

विसावं. एकविसावं. मनोरमाबाईंनी डोळे मिटून घेतले. गावडे घड्याळ बघून मोठ्याने मोजत होते, ज्याची खरं तर कोणालाच गरज नव्हती.

बाविसावं मिनिट आलं.

गेलं.

तिसाव्या मिनिटाला वालावलकरांना जाणवलं की पोट शांत आहे. नुसतं शांत नाही, प्रसन्न आहे. पस्तिसाव्याला त्यांना चक्क भूक लागली. आणि चाळिसाव्या मिनिटाला, सात-बाराची मागची बाजू वाचणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यात एक फार सरळ गोष्ट हळूहळू उलगडली. मनोरमा खोटं बोलत नाही. पोट खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलतंय?

त्यांनी मान वळवून जितेशकडे बघितलं. जितेशला अजून काहीच उलगडलेलं नव्हतं.

"पंचेचाळीस!" गावडे म्हणाले.

"काही असलं तरी दूध माझंच आहे!" जितेश छाती ठोकून सांगत होता. "शंभर टक्के! डेअरीवर हात ठेवून सांगतो! माझंच!"

"थांब, थांब," स्टॅनी सर म्हणाले, आणि त्यांनी फळ्यावर लिहिताना करायचे तसं बोट हवेत उचललं. "पोट तर बिघडलं नाही. म्हणजे यात दूध नाही, हे सिद्ध झालं. आता तू म्हणतोस की हे तुझंच दूध आहे. म्हणजे मग तुझ्या दुधात…"

"ते आमचं दूध नाही!"

सगळ्यांनी मागे बघितलं. विनिता दुकानातून धावत आली होती. तिला धाप लागली होती.

"काय बोलतेस?" जितेश भडकला. "मला कळत नाही का माझं…"

"तुम्ही गप बसा," विनिता म्हणाली. "खाली बसा आधी. आमचं नाही ते, सर. आमच्या दुधाने काकांचं पोट नक्की बिघडलं असतं. नक्की!" आणि तिने नवऱ्याकडे असं बघितलं की त्याची छातीवरची मूठ हळूहळू उघडली. मग त्याचं तोंड उघडलं. मग दोन्ही मिटली.

"नाही," जितेश खुर्चीकडे बघत म्हणाला. "नीट बघितलं तर, माझं नाही वाटत. माझं जरा घट्ट असतं."

वालावलकर उभे राहिले. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी खरंच सांगितलं असतं. पण कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी सभेला जे सांगितलं होतं त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं. या चहात दूध नव्हतं.

सचिवपदी शत्रुघ्न वालावलकर यांची फेरनिवड बिनविरोध. फ्रिज दुपारी दोनला आत गेला.

आभार प्रदर्शन

सोमवारी सकाळी वालावलकर दुकान क्रमांक एकच्या पायरीवर उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा.

"अर्धा लिटर," ते म्हणाले. "रोज."

"चिमटे नका काढू काका," जितेश मान खाली घालून म्हणाला. "सकाळची वेळ आहे."

"चिमटा नाही. काय असतं त्यात?"

जितेशने रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं. "पेज," तो पुटपुटला. "शेंगदाणे. थोडा नारळ. वास यायला वरून जरा वेलची."

"अरे, मीपण तेच घालत होतो!" वालावलकर ओरडले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "सतरा वेळा! माझं फाटतं. तुझं का फाटत नाही?"

"तुम्ही पेज गरम ओतत असाल. गार करून घालायची. आणि शेंगदाण्याची सालं काढलीत का?"

"सालं!" वालावलकरांनी कपाळावर हात मारला. तीन आठवडे बिल्डिंगभर सल्ले झाले, पण उपयोगाचा हा पहिलाच. क्षणभर त्यांना हा मुलगा आवडला. मग त्यांना शिक्का आठवला.

"हे बघ जितेश. उद्यापासून बाकी तेवीस घरांना दूध. म्हशीचं, खरं. नाहीतर दहावी नोटीस मी तुला देणार नाही, सरळ वर देईन."

"आणि तुम्हाला?"

"मला हेच. आणि भांडी वेगळी ठेव, गडबडीत सरमिसळ नको. माझ्या दुधात चुकूनसुद्धा दूध पडता कामा नये."

जितेशने शब्द पाळला. आठव्या दिवशी सोसायटीच्या पेटीत एक अर्ज आला. अक्षर स्टॅनी सरांचं, खाली एकवीस सह्या.

> मा. सचिव यांस —
> गेल्या आठवड्यापासून दुकान क्र. १ मधील दुधावर जाड पिवळसर थर धरत आहे. तापवल्यास ते उतू जाते. विरजण लावल्यास त्याचे दही होते. इतक्या वर्षांत असे कधीही झालेले नाही. तरी सदर भेसळीची तातडीने चौकशी करून दूध पूर्ववत करण्यात यावे, ही विनंती.

वालावलकरांनी अर्ज दोनदा वाचला, पुढून आणि मागून. आवक वहीत चढवला. 'चौकशी चालू आहे' असा शेरा मारला, डाव्या बाजूला सही केली, फुंकर मारून शिक्का उमटवला, आणि मनोरमाबाईंना पुराव्याचा एक कप टाकायला सांगितला.